कानाने ओळखलेली गाडी

कुर्ल्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत होतो तोवर आईने कुरडया कधी अंगणात वाळत घातल्या नाहीत. रूळ पलीकडेच होते, आणि सकाळी घातलेल्या पांढऱ्या कुरडईवर दुपारपर्यंत तांबूस पूड बसलेली असायची. ती ब्रेकची पूड. लोकल थांबताना चाकांवर ब्रेकचे ठोकळे आवळले जातात, घासतात, आणि त्यातून उडणारा बारीक चुरा रुळांकाठच्या सगळ्या वस्तीवर बसतो. आमच्या तुळशीवर, खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या धोतरावर. आई वाळवणाचं प्लॅस्टिक गुंडाळून, घमेलं कमरेवर घेऊन, दोन इमारती मागे राहणाऱ्या मावशींच्या गच्चीवर जायची. सगळा एप्रिल तिच्या त्या फेऱ्या चालायच्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कारशेडमध्ये फिटर होते. पूड त्यांना दिसायचीच नाही. त्यांना ऐकू यायचं. रात्री जेवताना बाहेरून गाडी गेली की घास तोंडाशी थांबायचा. मान किंचित तिरपी व्हायची. गाडी निघून गेली की घास पुढे सरकायचा, आणि कधीकधी ते नुसतंच म्हणायचे, "मधला मुका आहे." आई पोळी वाढता वाढता "बरं" म्हणायची. मी सात-आठ वर्षांची असेन. मधला म्हणजे कोण, आणि तो मुका कसा, हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली.

मला ज्या गाड्यांबद्दल लिहायचं आहे त्या म्हणजे मुंबईच्या जुन्या डीसी लोकल, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणाऱ्या. तपकिरी आणि पिवळ्या. पुढून सपाट तोंडाच्या. ज्यांचं वय आज चाळिशीच्या पुढे आहे त्यांनी आयुष्यातला मोठा भाग या गाड्यांच्या दारात, बाकांच्या मध्ये किंवा कड्यांना लोंबकळत काढलेला आहे. ९ एप्रिल २०१६च्या रात्री त्यातली शेवटची गाडी हार्बर मार्गावर धावली. त्यानंतर मुंबईच्या उपनगरी मार्गांवरच्या तारांमधून डीसी वीज कायमची गेली.

या गाड्यांचा जन्म मला नेहमी थोडा अद्भुत वाटतो. ३ फेब्रुवारी १९२५ या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत, हार्बर मार्गाने, चार डब्यांची गाडी विजेवर धावली. तोवर भारतात विजेवर चालणारी रेल्वे नव्हतीच. उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी केलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जिला आमच्याकडचे म्हातारे अजून 'जीआयपी' म्हणत, तीच ही कंपनी. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी तिनेच सोडली होती. वाफेपासून विजेपर्यंत यायला त्या कंपनीला ७२ वर्षं लागली. विजेचा दाब ठरला १५०० व्होल्ट डीसी. तीन वर्षांनी, ५ जानेवारी १९२८ला, दुसऱ्या कंपनीने, बीबीसीआयने, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू केली. तेव्हा गाड्या चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जायच्या. पुढे कुलाब्याचं स्टेशन बंद झालं आणि चर्चगेट शेवटचं झालं.

ज्या हार्बर मार्गावर पहिली गाडी धावली तो मला अजूनही मुंबईतला सगळ्यात देखणा रेल्वेमार्ग वाटतो. सँडहर्स्ट रोडला खाली मेन लाइन आणि वर, लोखंडी खांबांवर, हार्बरचे फलाट. तिथून गाडी घरांच्या दुसऱ्या मजल्यांना जवळजवळ स्पर्श करत डॉकयार्ड रोडकडे जाते. कुणाच्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह दिसतो, कुणाच्या खिडकीतला अभ्यास करणारा मुलगा. लहानपणी अण्णांबरोबर व्हीटीला जाताना मी नेहमी याच बाजूची खिडकी धरायची.

सुरुवातीच्या गाड्या परदेशातून बांधून आल्या. स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याच्या जेसप कंपनीने आणि मद्रासजवळच्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने त्या बांधायला घेतल्या. अण्णांच्या बोलण्यात म्हणूनच 'जेसप' आणि 'आयसीएफ' हे शब्द माणसांच्या आडनावांसारखे यायचे. जेसप कशी, आयसीएफ कशी, कुणाचं दार जड, कुणाचा दरवाजा पावसात अडकतो. डबे बारा फूट रुंद, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीच्या डब्यापेक्षा बरेच ऐसपैस. हे कित्येकांना माहीत नसतं, कारण लोकलमध्ये ऐसपैस हा शब्द सुचायला वाव कधी मिळतो? पण रात्री साडेबाराच्या रिकाम्या गाडीत, दोन्ही दारं उघडी आणि कड्या एका लयीत हलत असताना, ती रुंदी दिसायची.

आता 'मधला मुका' म्हणजे काय ते सांगते.

नऊ डब्यांची लोकल म्हणजे खरं तर तीन-तीन डब्यांच्या तीन गाड्या एकमेकींना जोडलेल्या. शेडच्या भाषेत तीन युनिट. प्रत्येक युनिटमध्ये एक मोटर कोच. त्याच्या टपावर तारेतून वीज घेणारा पॅन्टो, पोटाखाली चाकं फिरवणाऱ्या चार ट्रॅक्शन मोटरी, प्रत्येक आसाला एक. उरलेले डबे नुसते ओढले जाणारे. मोटरमन पुढे एकटा बसतो, पण त्याने हँडल फिरवलं की तिन्ही युनिटच्या मोटरींना एकदम हुकूम जातो. एखाद्या मोटर कोचमध्ये बिघाड झाला तर तो बाद करून गाडी उरलेल्या दोनवर चालवता येते. तेव्हा गाडी आपल्यासमोरून जाताना पहिल्यांदा घोंगावणं येतं, मग मध्ये नुसता चाकांचा खडखडाट, आणि शेवटी पुन्हा घोंगावणं. मधला मुका आहे. अण्णांना ते भिंतीआडून, ताटावर बसून कळायचं. दुसऱ्या दिवशी ती गाडी शेडमध्ये येणार हे त्यांना इतरांच्या आधी माहीत असायचं.

याच्याही पुढची एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी मला एका पावसाळ्यात, पुलावर उभं राहून शिकवली. मी चौथीत होते. स्टेशनातून गाडी सुटत होती. ते म्हणाले, "खटके मोज."

डीसी मोटरीला सुरुवातीलाच विजेचा पूर्ण दाब दिला तर ती जळेल. मोटर उभी असते तेव्हा ती प्रवाहाला फारसा विरोध करत नाही, हवा तेवढा प्रवाह आत घुसू देते. म्हणून वाटेत रेझिस्टन्स ठेवतात, म्हणजे लोखंडाच्या जाळ्या, आणि गाडी वेग घेईल तसतशा त्या एकेक करून बाजूला करतात. सुरुवातीला मोटरी एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे दाब वाटून घेतात. नंतर समांतर होतात. हे सगळे टप्पे म्हणजे नॉच. प्रत्येक नॉचला डब्याखालच्या पेटीत एक दांडा थोडासा फिरतो आणि एक कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा स्विच, बसतो. खट्. मोटरीचा सूर थोडा चढतो. पुन्हा खट्. सूर आणखी चढतो. मोटर कोचमध्ये बसणाऱ्याला तो खटका पायाखाली जाणवायचा, आणि त्यापाठोपाठ पाठीला बारीकसा धक्का. वर्षानुवर्षं लोक त्या धक्क्याला सवयीने सावरत आले, त्याचं नाव माहीत नसताना.

मोटरमन हे सगळे टप्पे हाताने घेत नाही. तो हँडल एका जागेवर ठेवतो, तेवढंच. पुढचा नॉच कधी घ्यायचा हे गाडी स्वतः ठरवते. मोटरीतला प्रवाह एका मर्यादेखाली उतरला की पुढचा खटका पडतो. आता गाडी रिकामी असली तर ती पटकन वेग घेते, प्रवाह पटकन उतरतो, खटके भराभर पडतात. गाडी भरलेली असली की वेग जड जड येतो, प्रवाह हळूहळू उतरतो, आणि दोन खटक्यांमधलं अंतर वाढतं. म्हणजे डोळे मिटून, नुसते खटके ऐकून सांगता येतं की गाडीत किती माणसं आहेत. अण्णांनी मला हेच शिकवलं. पुलावर उभं राहून, गाडीकडे पाठ करून, न बघता मी सांगायची, "भरलेली." मग वळून बघायची तर दारांत माणसं फुटबोर्डवर एका पायावर उभी. त्या वयात मला ही जादू वाटायची. आज त्यामागचं गणित कळतं, तरी जादू काही कमी झालेली नाही.

गाडी फलाटाला थांबली की आणखी आवाज. कंप्रेसर डब्याखाली धगधग धगधग सुरू व्हायचा आणि हवा भरली की एकदम फुस्स करून गप्प बसायचा. मग गार्डची बेल, दोन टोले. दोन म्हणजे सोड. एक म्हणजे थांब. आमच्या क्वार्टर्समधली मुलं आगगाडी-आगगाडी खेळायची तेव्हाही मागचं पोर 'टिंग टिंग' म्हटल्याशिवाय पुढचं हलायचं नाही.

आणि ब्रश. ट्रॅक्शन मोटरीत फिरणाऱ्या तांब्याच्या कॉम्युटेटरवर कार्बनचे ब्रश टेकलेले असतात, त्यांच्यातून वीज आत जाते. ते झिजतात. ठरावीक मापापेक्षा लहान झाले की काढून टाकायचे, नवे घालायचे. शेडमधल्या कामाचा मोठा भाग म्हणजे हेच. पिटमध्ये, म्हणजे रुळांमधल्या खड्ड्यात, उतरायचं, मोटरीचं झाकण उघडायचं, ब्रश तपासायचे, फुंकून कार्बनची भुकटी काढायची, मेगर नावाचं मीटर लावून इन्सुलेशन बघायचं. अण्णांच्या बोटांच्या रेषांमध्ये ती काळी भुकटी कायमची बसलेली होती. लाइफबॉयने जायची नाही, राखेने जायची नाही. लग्नाच्या पंक्तीत ते डावा हात मांडीखाली ठेवायचे. मला त्या हातांची कधी लाज वाटली नाही, पण त्यांना वाटायची, हे मला फार उशिरा कळलं.

टाकाऊ ब्रशचे तुकडे आम्हा मुलांना मिळायचे. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, गुळगुळीत, हाताला थंड. शहाबादी फरशीवर ओढले की काळीभोर रेघ उमटायची. आमच्या क्वार्टर्समधल्या मुलींच्या ठिक्करच्या सगळ्या चौकटी ट्रॅक्शन मोटरीच्या ब्रशने आखलेल्या असत. बाहेरच्या मुली खडूने आखत, त्या पावसात पुसून जात. आमच्या नाही.

१९७४च्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला, ८ मेपासून वीस दिवस. मी आठ वर्षांची. त्या दिवसांची माझी आठवण म्हणजे झोप न येणं. रात्री गाड्या इतक्या कमी की प्रत्येक गाडीला दचकून जाग यायची. अण्णा ओट्यावर बसून असायचे. क्वार्टर्समधले पुरुष सगळे तसेच, अर्धं बोलणं, अर्धं गप्प. आईने त्या वीस दिवसांत कुरडया अंगणात घातल्या. तिने काही बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या वर्षीच्या कुरडया घरच्या अंगणातल्या होत्या.

पुढे मी स्वतः नोकरीला लागले आणि वीस-बावीस वर्षं रोज याच गाड्यांनी गेले. बायकांच्या डब्यातलं जग अनेकांनी लिहिलेलं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. मला आठवतात वस्तू. लाकडी फळ्यांची बाकं, ज्यांच्या दोन फळ्यांमध्ये ओढणी अडकायची. खिडकीचं पत्र्याचं झडपेचं शटर, जे पावसात खाली ओढताना बोट सापडायचं. काळ्या जाळीतले पंखे, जे वीज येऊनही फिरत नसत आणि कुणीतरी उठून, जाळीतून कंगवा घालून पात्याला टिचकी मारली की फिरायला लागत. प्रत्येक बाईच्या पर्समध्ये एक लांब दांड्याचा कंगवा असायचा, आणि त्यातले निम्मे तरी केसांपेक्षा पंख्यांसाठी जास्त वापरले गेले असतील. नवरात्रात डब्याला झेंडूच्या माळा, दसऱ्याला खिडक्यांच्या गजांना आपट्याची पानं. आणि शेडमध्ये खंडेनवमीला पाने, हातोडे, मेगर, सगळं पुसून, पाटावर मांडून, हळदकुंकू वाहिलेलं. अण्णा त्या दिवशी पांढरा सदरा घालून कामावर जायचे. वर्षातून एकदाच.

मोटर कोचला लागून असलेला डबा मिळाला की मी खटके मोजायची. कुर्ल्याला लांब. सायनला आणखी लांब. दादरला गाडी रिती झाली की पुढे भराभर. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून कळण्यासारखं नव्हतं.

आता त्या गाड्या का गेल्या तेही सांगायला हवं, कारण त्या गेल्या ते योग्यच झालं, आणि हे मी एका फिटरची मुलगी म्हणून पूर्ण विचाराने म्हणते आहे.

१९२०च्या दशकात १५०० व्होल्ट डीसी निवडली ते बरोबर होतं. गाडीला सुरुवातीला जो जोर लागतो तो डीसी सीरिज मोटर फार छान देते, आणि तिचा वेग सांभाळणं सोपं असतं. एसी वीज, म्हणजे दिशा सतत बदलणारी, गाडीवरच बदलून घेण्याची सुटसुटीत सोय तेव्हा नव्हती. म्हणून सबस्टेशनात एसीची डीसी करून तारेत सोडायची, अशी रचना झाली. पण दाब कमी म्हणजे प्रवाह जास्त. साधा हिशोब आहे. एक मेगावॉट शक्ती पोहोचवायची तर १५०० व्होल्टला सुमारे ६६७ अँपिअर लागतात. २५ हजार व्होल्टला ४०. आणि तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाने वाढते. चार डब्यांच्या, तुरळक गाड्यांच्या मुंबईला १५०० व्होल्ट पुरले. बारा डब्यांच्या, तीन-चार मिनिटांनी सुटणाऱ्या गाड्यांच्या मुंबईला ते पुरणं शक्य नव्हतं. जाड तारा, जवळजवळ सबस्टेशनं, तरीही संध्याकाळी तारेतला दाब घसरायचा आणि गाड्या मलूल पळायच्या. अण्णा म्हणायचे, "गाडी उपाशी आहे."

शिवाय वाया जाणं. रेझिस्टन्सच्या जाळ्या म्हणजे विजेची उष्णता करून डब्याखाली सोडून देणं. प्रत्येक स्टेशनातून सुटताना. आणि थांबताना, एवढ्या कष्टाने मिळवलेला सगळा वेग ब्रेकच्या ठोकळ्यांत घासून टाकणं. आमच्या कुरडयांवर बसणारी पूड म्हणजे तोच वेग. नव्या गाड्या थांबताना मोटरींनाच जनरेटर करतात आणि वीज तारेत परत देतात. मागून येणारी गाडी ती वापरते. २००७च्या नोव्हेंबरात पश्चिम रेल्वेवर अशा नव्या गाड्या यायला लागल्या, पांढऱ्या-जांभळ्या, सीमेन्सच्या विद्युत यंत्रणेच्या, पण डबे पेरांबूरचेच. डीसीवरही चालणाऱ्या आणि एसीवरही, म्हणजे बदल पुरा होईपर्यंत दोन्हीकडे उपयोगी. छतातून हवा आत ढकलणारे पंखेही त्यांच्यात आले, कारण गर्दीच्या डब्यात माणसांच्या श्वासानेच हवा जड व्हायची. ज्यांनी मे महिन्यात संध्याकाळी सहाची कल्याण फास्ट पकडलेली आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

बदल एका रात्रीत झाला नाही. फेब्रुवारी २०१२मध्ये पश्चिम रेल्वे पुरी झाली. जून २०१५मध्ये मध्य रेल्वेची मेन लाइन. मग उरली ती हार्बर. दाब वाढला की तारा आणि पूल यांच्यामध्ये अंतर जास्त लागतं, आणि मुंबईचे जुने पूल बुटके. कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे पूलच काढावा लागला. भायखळा आणि सँडहर्स्ट रोडच्या मधला १८७९ सालचा हँकॉक पूल जानेवारी २०१६मध्ये मोठा ब्लॉक घेऊन पाडला. त्या मधल्या वर्षांत मेन लाइनवर एक विलक्षण जागा होती, एसी आणि डीसीच्या सीमेची. तिथे तारेत वीजच नसायची. डब्यातले दिवे जायचे, पंखे थांबायचे, सगळे आवाज थांबायचे, आणि गाडी नुसत्या वेगावर अंधारात सरकत राहायची. बोलणाऱ्या बायका वाक्याच्या मध्ये गप्प व्हायच्या. मग दिवे यायचे आणि वाक्य पुढे सुरू व्हायचं. मला ती काही सेकंदं फार आवडायची.

शेजारी अण्णांना विचारायचे, "आता लोकल एसी होणार म्हणे, मग तिकीट वाढणार का हो?" अण्णा कंटाळा न करता समजावून सांगायचे की ही एसी म्हणजे थंड हवा नव्हे, ही वीज निराळी. ते तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

नव्या गाड्यांचा सूर सलग चढतो. खालपासून वरपर्यंत, कुठेही न अडखळता, एखाद्याने तंबोऱ्याची खुंटी पिळत न्यावी तसा. सुंदर आहे तो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा थांबून ऐकत राहिले. पण त्यात खटके नाहीत. गाडी भरलेली की रिकामी ते त्यातून मला कळत नाही. बिघाड झाला तर मोटरमनसमोरच्या पडद्यावर लिहून येतं, कुठल्या डब्यात, काय. कान लावावा लागत नाही. शेडमध्ये आज जी मुलं आहेत त्यांना संगणकावरच्या नोंदी वाचता येतात, आणि ते ज्ञानच आहे, अण्णांच्या ज्ञानापेक्षा ते कमी आहे असं मी म्हणणार नाही. फक्त अण्णांचं ज्ञान कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते कानांत होतं, आणि पिटमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जायचं, "हा ऐक, हा बघ कसा घरघरतोय," असं म्हणत. ज्या गाड्यांवर ते लागू होतं त्या गाड्याच गेल्या की असं ज्ञान कुणाला द्यायचं?

२६ जुलै २००५च्या पुराची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. डीसी गाड्यांच्या मोटरी डब्याखाली, पाण्याला सगळ्यात जवळ. रुळावर चार इंचांपर्यंत पाणी असेल तर गाडी अगदी सावकाश काढायची, त्याच्यावर गेलं की थांबायचं, हा तिथला नियम. त्या दिवशी पाणी गाड्यांच्या दारांपर्यंत आलं. तिसऱ्या दिवशी अण्णा, निवृत्त माणूस, छत्री घेऊन शेडकडे चालत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. बुडालेल्या मोटरी काढून, धुऊन, भट्टीत वाळवून, मेगर करून परत बसवायच्या होत्या, एक नाही, दोन नाही. त्यांना आत कुणी काही करू दिलं की नाही ते मला माहीत नाही. रात्री आले तेव्हा हात काळे होते, आणि बोटं लपवायची त्यांना आठवण नव्हती.

शेवटच्या गाडीची बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. कुर्ला ते सीएसटी, म्हणजे आमचं व्हीटी, शनिवारी रात्री साडेअकरा. पहिली गाडी व्हीटीहून कुर्ल्याला आली होती, शेवटची कुर्ल्याहून व्हीटीला जाणार, त्याच हार्बर मार्गाने, ९१ वर्षांनी. शुक्रवारी पाडवा होता. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गुडघे गेलेले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला जायचंय का?" ते म्हणाले, "जायचं म्हणजे बसायचं नाही. ऐकायचं."

आम्ही रिक्षाने स्टेशनवर गेलो. पुलाचे जिने ते एकेका पायरीवर थांबत चढले, उतरले. फलाटावर गर्दी होती. गाडीला फुलं, फुगे. मोबाइलचे फ्लॅश. रेल्वेची माणसं, रेल्वेचे वेडे, आई-वडिलांनी हौसेने जागं ठेवलेली लहान मुलं. पाडव्याच्या गाठीचा हार कुणीतरी मोटरमनच्या खिडकीला अडकवला होता. अण्णा पुढे गेले नाहीत. ते मधल्या मोटर कोचपाशी, खांबाला टेकून उभे राहिले. कंप्रेसर चालू होता. धगधग धगधग. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले नव्हते. ते डब्याच्या तळाकडे, फलाटाच्या कडेखाली, जिथे काहीच दिसत नाही तिथे बघत होते.

दोन टोले पडले. गाडी हलली. गलका इतका की मला पहिला खटका ऐकूच आला नाही. दुसरा आला. तिसरा. लांब, लांब. गाडी भरलेली होती. मधला कोच आमच्यासमोरून सरकला आणि अण्णांची मान तिरपी झाली, ताटावर बसल्यावर व्हायची तशी. मागचे डबे गेले. लाल दिवा गेला.

आमच्या शेजारी शेडच्या गणवेशातला एक तरुण मुलगा उभा होता. पंचवीस-सव्विसाचा असेल. अण्णा त्याच्याकडे वळले.

"शेडला का तुम्ही?"

"हो काका."

"मधल्या मोटर कोचला एक मोटर घरघरते. बेअरिंग वाटतंय. पुढच्या बाजूचं."

मुलगा क्षणभर थांबला. ती गाडी आता कुठे जाणार हे त्याला माहीत होतं, अण्णांनाही माहीत होतं. मग त्याने खिशातून पेन काढलं, "नंबर बघितला का काका?" असं विचारलं, आणि अण्णांनी सांगितला तसा तो डब्याचा नंबर डाव्या हाताच्या पंज्यावर लिहून घेतला.